आद्य मराठी ख्रिस्ती समाजातील सचोटी आणि आध्यात्मिक प्रभाव : पुणे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे शहरातील मराठी ख्रिस्ती समाज संख्येने अगदी लहान होता. असे असूनही त्या काळच्या वृत्तपत्रीय वादांत, स्त्रीशिक्षणाच्या चळवळीत आणि मराठी वाङ्मयात या समाजातील काही मोजक्या व्यक्तींची नावे पुन्हा पुन्हा आढळतात. बाबा पदमनजी, नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोऱ्हे, पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक ही त्यांपैकी प्रमुख नावे होत. संख्याबळ नाही, जातीचा आधार तुटलेला, आणि राज्यकर्त्यांच्या धर्मात गेल्याचा ठपका माथी. अशा स्थितीत या व्यक्तींचा जो प्रभाव पडला तो कशामुळे, हा प्रश्न अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे.

मिशनऱ्यांची शाळा, छापखाना आणि सरकारचा वरदहस्त हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर आहे. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु मिशनचा आधार ज्यांना सर्वांत अधिक लाभला त्यांचाच प्रभाव सर्वांत अधिक पडला, असे दिसत नाही. उलट मिशनशी ज्यांचे खटके उडाले, वेतन ज्यांनी सोडले किंवा वरिष्ठांचे म्हणणे ज्यांनी मानले नाही, त्यांचेच शब्द समाजाने अधिक गांभीर्याने ऐकले. धर्मांतरितावर त्या काळी होणारा मुख्य आरोप ‘हा पोटासाठी बाटला’ असा असे. या आरोपाला वादविवादाने उत्तर देणे शक्य नव्हते. उत्तर द्यायचे ते आचरणातून, विशेषतः पैशाच्या व्यवहारातून आणि काहीही लपवून न ठेवण्यातूनच. प्रस्तुत लेखात सचोटी हा शब्द याच अर्थाने वापरला आहे : तोंडचा शब्द, मनातील श्रद्धा आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर न ठेवणे. हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकातही जवळजवळ याच स्वरूपात उभा राहिला होता. म्हणून प्रथम त्याचा परामर्श घेणे सोयीचे होईल.

आद्य मंडळी आणि पैशाचा व्यवहार

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या चौथ्या व पाचव्या अध्यायांत यरुशलेम येथील पहिल्या मंडळीचे चित्र आले आहे. ज्यांच्यापाशी जमीनजुमला होता ते तो विकून त्याचे मोल प्रेषितांच्या स्वाधीन करीत आणि ज्याला जसे लागेल तसे वाटप होई. कुप्र बेटाच्या बर्णबाने आपले शेत विकून सर्व रक्कम आणून दिली. त्यापाठोपाठ हनन्या आणि सप्पीरा या दांपत्याची कथा येते. त्यांनीही मालमत्ता विकली, परंतु किमतीतील काही भाग मागे ठेवून उरलेला भाग संपूर्ण रक्कम म्हणून आणून दिला. पेत्राने खोटेपणा उघड करताच दोघेही क्रमाने गतप्राण झाली.

ही कथा वाचून आधुनिक वाचक अस्वस्थ होतो आणि ते योग्यच आहे. अपराधाच्या मानाने शिक्षा भयंकर आहे. पण कथेतील अपराध कोणता हे नीट पाहिले पाहिजे. जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच अधिकारात होते, असे पेत्र स्पष्टपणे सांगतो. म्हणजे दान सक्तीचे नव्हते आणि कमी दान देणे हा गुन्हाही नव्हता. अर्धे देऊन पूर्ण दिल्याचा मान मिळवू पाहणे, हा अपराध होता. मूळ ग्रीकमध्ये पैसे मागे ठेवण्यासाठी जे क्रियापद योजले आहे तेच जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, यहोशवाच्या ग्रंथातील आखानाच्या कथेत येते. यरीहो शहराच्या लुटीतील समर्पित वस्तू आखानाने तंबूत पुरून ठेवल्या होत्या. लेखकाने हा शब्द जाणूनबुजून निवडला असावा. घरात लपवलेली वस्तू साऱ्या समूहाला बाधते, ही जुनी जाणीव त्यामागे आहे.

‘मंडळी’ या अर्थाचा ‘एक्लेसिया’ हा शब्द या ग्रंथाच्या प्राचीन हस्तलिखितांत प्रथम येतो तो याच कथेच्या अखेरीस, हेही लक्षणीय आहे. त्यानंतर लगेचच ग्रंथकार सांगतो की, बाहेरच्या कोणाला त्यांच्यात मिसळण्याचे धाडस होत नव्हते, तरी लोक त्यांना मान देत. दुरून आदर आणि जवळ येण्याची भीती, या दोन भावना येथे एकत्र नांदताना दिसतात. पुण्याच्या संदर्भात या निरीक्षणाची पुढे आठवण होईल.

पहिल्या दोन शतकांतील इतर साधनेही हाच रोख दाखवितात. यरुशलेममधील गरिबांसाठी गोळा केलेला निधी पोहोचविताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. कोणाला बोट दाखविण्यास जागा राहू नये, हे कारण त्याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्वतःच दिले आहे. करिंथ येथे तो तंबू तयार करण्याच्या धंद्यावर पोट भरीत असे. ‘डिडाखे’ या नावाने ओळखली जाणारी छोटी नियमपुस्तिका पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा त्यानंतर थोड्याच काळाने रचलेली मानली जाते. गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांची पारख कशी करावी, याचे तिने दिलेले निकष थेट आहेत : तीन दिवस मुक्काम करणारा खोटा; निघताना भाकरीखेरीज पैसे मागणारा खोटा; आणि आत्म्याच्या आवेशात ‘मला पैसे द्या’ म्हणणाराही खोटाच. ही पुस्तिका कॉन्स्टँटिनोपल येथे १८७३ मध्ये हस्तलिखितरूपात सापडली आणि १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, हा निव्वळ योगायोग.

इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनिया-पोंतस प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजन यास पाठविलेले पत्र विशेष मोलाचे आहे, कारण ते विरोधकाचे आहे. ख्रिस्ती म्हणून पकडलेल्यांची चौकशी करून तो कळवितो की, हे लोक पहाटे जमून स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची, तसेच मागितल्यावर ठेव नाकबूल न करण्याची शपथ घेतात. ठेवीचा हा उल्लेख पेढीच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या कोणालाही अर्थपूर्ण वाटेल. मात्र याच मोकळ्या विश्वासाचा गैरफायदाही घेतला जाई. ल्यूसियन या दुसऱ्या शतकातील उपरोधकाराने पेरेग्रिनस नावाच्या एका भोंदूची कथा लिहिली आहे. ख्रिस्ती लोकांच्या भाबड्या औदार्यावर तो कसा पोसला गेला, याची तीत यथेच्छ टर उडविली आहे.

गुप्ततेचा त्याग : पदमनजी आणि गोऱ्हे

मराठी मुलखात हा प्रश्न प्रथम गुप्ततेच्या रूपाने उभा राहिला. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा जातिभेद मोडण्यासाठी होती, परंतु तिचे कामकाज गुपचूप चाले. सभासद बंद दाराआड पाव खात आणि बाहेर आल्यावर जातीचे नियम पाळीत. बेळगाव येथे १८३१ मध्ये कासार कुटुंबात जन्मलेले बाबा पदमनजी तरुणपणी या सभेत होते. श्रद्धा एक आणि लोकांपुढील आचरण दुसरे, ही ओढाताण त्यांना सोसवेना. १८५४ मध्ये त्यांनी बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि त्याची किंमत कुटुंबाच्या ताटातुटीने मोजली. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली चलबिचल, भीती आणि दिरंगाई पुरेशा स्पष्टपणे नोंदविली आहे. पुढे १८६७ मध्ये दीक्षा होऊन त्यांनी पुण्यात पाळक म्हणून काम केले. विधवांच्या दुःस्थितीवरील त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटताच परमहंस सभा मात्र १८६० च्या सुमारास मोडली.

पुण्यातील सुधारकांनाही याच पेचाने पुढे गाठले. ४ ऑक्टोबर १८९० रोजी वेताळ पेठेतील, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेतील, पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळ विनायक जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली आणि ग्रामण्य सुरू झाले. चहा घेतला की केवळ शिष्टाचार म्हणून पेल्याला स्पर्श केला, यावर शंकराचार्यांच्या आयोगापुढे चर्चा झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे तिचा विस्तार नको. इतकेच की, एका पेल्यामुळे ज्या शहरात दोन वर्षे खल होत असे, त्या शहरात उघड धर्मांतर करून तेथेच राहणाऱ्यांकडे लोक द्वेषाने पाहत असले तरी त्यांच्या धैर्याविषयी त्यांच्या मनात एक प्रकारचा दबका आदरही असणार.

याच पंचहौद परिसराशी नेहेम्या गोऱ्हे यांचा संबंध होता. १८२५ मध्ये जन्मलेल्या आणि काशीत वाढलेल्या या कोकणस्थ पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. हिंदू दर्शनांच्या खंडनार्थ लिहिलेला ‘षड्दर्शन दर्पण’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. परंतु त्यांच्याविषयी अधिक लक्षात राहणारी गोष्ट अशी की, स्वतः स्वीकारलेल्या धर्माविषयीही त्यांना अधूनमधून तीव्र शंका येत आणि ते त्या दडवीत नसत. धर्मप्रचारकाने आपल्या शंका बोलून दाखविणे मिशनच्या दृष्टीने गैरसोयीचे होते. पण बुद्धिमान श्रोत्याला अशाच माणसाचे म्हणणे पटण्याचा संभव अधिक असतो. गोऱ्हे यांच्या पत्ररूप विवेचनाचा आपल्या निर्णयावर परिणाम झाल्याचे पंडिता रमाबाईंनी नमूद केले आहे.

शारदा सदनाचा वाद

सचोटी आणि आध्यात्मिक प्रभाव यांचा संबंध सर्वांत गुंतागुंतीच्या स्वरूपात दिसतो तो शारदा सदनाच्या वादात. रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाजाच्या स्थापनेने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले आणि पुढील वर्षी इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याला हा विश्वासघात वाटला. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मधील ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू उचलून धरली.

इंग्लंडमधील पत्रव्यवहार वाचल्यास एक वेगळेच चित्र दिसते. ज्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला, त्याच संघातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचे सिद्धान्तांवरून दीर्घ मतभेद झाले. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही तोवर तो मान्य केल्याचे दाखविण्यास त्यांनी नकार दिला. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्मगुरूच्या स्वाधीन करण्यासाठी एका पुरोहितशाहीतून आपण बाहेर पडलो नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. अन्नवस्त्रासाठी त्या सर्वस्वी या भगिनींवर अवलंबून होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या नकाराचे वजन कळते. ‘पोटासाठी बाटली’ या आक्षेपाचे इतके सबळ खंडन दुसरे नसेल. दुर्दैवाने ही पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली ती १९७७ मध्ये.

अमेरिकेतील बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी असलेली ही संस्था धर्मनिरपेक्ष राहील, विद्यार्थिनींना आपापले आचार पाळता येतील, असे जाहीर वचन होते. रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांसारखी मंडळी सल्लागार समितीवर होती. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यात आले. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसमवेत रोज प्रार्थना करीत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने या प्रकारावर कडाडून टीका केली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही पक्षांनी सचोटीचाच आधार घेतला होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. रमाबाईंचे म्हणणे असे की, धर्मस्वातंत्र्य जसे विद्यार्थिनींना आहे तसे आपल्यालाही आहे. प्रार्थनेला कोणाला बोलावले नाही, आणि दार लावून प्रार्थना करणे म्हणजे आपण जे आहोत ते लपविणे होईल. सल्लागारांचे म्हणणे असे की, वचन धर्मनिरपेक्षतेचे होते. आश्रित, अल्पवयीन आणि दुःखाने पोळलेल्या मुलींवर त्यांच्या एकमेव आधारस्तंभाच्या उघड उपासनेचा परिणाम होणारच, आणि तो होणार हे ठाऊक असून दार उघडे ठेवणे म्हणजे वचनाचा शब्द पाळून आशय मोडणे होय. वस्तुतः तक्रार सक्तीची नव्हती, प्रभावाची होती. रमाबाईंचे वर्तन कपटाचे असते तर सल्लागारांचे काम सोपे झाले असते. त्या सरळ होत्या, मुलींना त्या आईसारख्या वाटत आणि म्हणूनच त्यांचा प्रभाव थोपविता येत नव्हता.

या दोन भूमिकांत निवाडा करणे अवघड आहे. उघडेपणाच्या कसोटीवर रमाबाईंची बाजू उजवी ठरते. त्यांनी दार उघडे ठेवले ते अक्षरशः सर्वांच्या डोळ्यांदेखत. परंतु प्रभावाची जबाबदारी प्रभाव पाडणाऱ्यावरही असते, हा सल्लागारांचा मुद्दा केवळ धर्माभिमानाचा म्हणून निकालात काढता येत नाही. ज्या मुलीला परत जाण्यास घर नाही, तिच्या ‘स्वेच्छे’चा अर्थ काय, हा प्रश्न आजही कोणत्याही धर्माच्या आश्रमासंबंधी विचारता येतो.

या वादाचे एक अनपेक्षित फलित पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात स्थिरावले. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई यांचा विवाह ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. सदनावरील हिंदू समाजाचा विश्वास उडाल्यावर विधवांसाठी दुसरी संस्था हवी, ही निकड कर्वे यांना जाणवली. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि तोच पुढे हिंगण्याला गेला.

केडगाव : हिशेब, दुष्काळ आणि संजीवन

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून त्यांनी निराधार स्त्रिया व मुली आणल्या. १९०० च्या सुमारास केडगावातील रहिवाशांची संख्या २,००० च्या घरात गेली. असोसिएशनची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली तेव्हा रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि असोसिएशनची पुनर्रचना झाली. यापुढे ‘मुक्ती’ ही उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालली. नाव आणि वस्तू यांत मेळ बसला. १८९३ चा पेच वादाने सुटला नव्हता. तो असा, जे आहे ते जाहीर केल्याने सुटला.

राज्यकर्ते आपल्याच धर्माचे म्हणून त्यांची पाठराखण करण्याचेही रमाबाईंनी टाळले. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातील प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये खरमरीत पत्र लिहिले. सरकारला ते झोंबले. एरवी त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या पुणेकरांना या वेळी काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

जून १९०५ मध्ये मुक्तीत जी धार्मिक जागृती झाली तिचे वर्णन अनेकदा चमत्काराच्या अंगाने केले जाते. रडणे, तासन्‌तास प्रार्थना, अनोळखी भाषांत बोलणे हे प्रकार घडले खरे. त्यांच्या जोडीला पापांची कबुलीही होती. आणि येथे यरुशलेमची आठवण होते, कारण एकत्र राहणाऱ्या समूहात लपवलेली गोष्ट उघड करण्यालाच येथेही मध्यवर्ती स्थान मिळाले. अनोळखी भाषांत बोलणे हे आत्म्याच्या अभिषेकाचे अनिवार्य लक्षण आहे, असा आग्रह मुक्तीने धरला नाही. मुक्तीतील अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतील वाल्परायसो येथे हूवर दांपत्याच्या हाती पडली आणि १९०९ मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या पेंटेकोस्टल चळवळीस तिने चालना दिली. केडगावची ही कथा पुण्यापेक्षा दक्षिण अमेरिकेत अधिक सांगितली जात असावी.

तथापि १८९३ मध्ये विचारलेला प्रश्न १९०५ लाही लागू पडतो. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली एकाच छपराखाली, एकाच आईच्या मायेत वाढत असताना त्यांच्या धार्मिक अनुभवातील स्वयंस्फूर्त भाग किती आणि परिस्थितीचा भाग किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. रमाबाईंच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येईल की, स्वतःच्या अनुभवाबाबत त्यांनी कोणतीही सजावट केली नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांनी १९०७ मधील आत्मनिवेदनात उघडपणे लिहिले. ज्या आठ वर्षांत पुण्याने त्यांना ख्रिस्ती म्हणून झोडपले, तीच ही वर्षे.

हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच वृत्तीचे द्योतक आहे. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण संस्कृतप्रचुर शब्द टाळून ग्रामीण स्त्रीला समजेल अशी मराठी तिने योजली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते. मुक्तीच्या छापखान्यात छापलेला संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

वेतनाचा प्रश्न : नारायण वामन टिळक

रेव्हरंड टिळक (१८६१-१९१९) यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर आणि सातारा हे होते. तरी त्यांच्या अखेरच्या प्रयोगाचा धागा पुण्यापर्यंत येतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो गोऱ्या मिशनऱ्याऐवजी भारतीय पाळकाच्या हातून. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे सेवा केली, ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग सांभाळला, आणि अभंगांतून ख्रिस्तभक्तीला वारकरी वळण दिले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांच्या नगरच्या घरी बालकवी ठोमरे राहत असत. त्या घरात त्यांच्यावर प्रेमाचा वर्षाव झाला, त्यांची कविता फुलली, आणि ते हिंदूच राहिले. शारदा सदनाच्या वादानंतर आश्रिताच्या स्वातंत्र्याचा जो प्रश्न लोंबकळत राहिला होता, त्याला या घरापुरते तरी एक उत्तर मिळाले होते.

टिळकांना सलत होते ते वेतन. मिशनरी मालक आणि देशी ख्रिस्ती नोकर, हे नाते असेपर्यंत उपदेशकाची वाणी भाडोत्रीच समजली जाणार, हे त्यांनी ओळखले होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. व्यवहारी दृष्टीने हा अविचार होता. टिळकांच्या हातात पैसा कधी टिकत नसे आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंना सोसावी लागे. परंतु पौलाने तंबू शिवून आणि डिडाखेकारांनी निकष घालून जी शंका दूर ठेवू पाहिली, तीच शंका टिळकांनी पगार सोडून दूर केली. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फारसा टिकला नाही.

अहमदनगरच्या इंग्रज मिशनमधील जॅक विन्स्लो हे टिळकांच्या सहवासाने प्रभावित झाले होते. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. हा संघ पुढे पुण्यात शिवाजीनगरला आला. इंग्रज आणि भारतीय सभासद एकाच छपराखाली, एकाच पंगतीत, खादी नेसून राहत. १९२७ मध्ये तेथे दाखल झालेले व्हेरिअर एल्विन गांधीजींकडे ओढले गेले, त्यामुळे चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचे बिनसले आणि शेवटी ते चर्चमधूनच बाहेर पडले. शब्द आणि व्यवहार यांत अंतर न ठेवण्याचा आग्रह माणसाला कधी मंडळीच्या बाहेरही नेतो, हे या शाखेच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

टिळकांच्या बाबतीत एक गोष्ट वगळता येत नाही. बाप्तिस्म्याचा निर्णय त्यांनी पत्नीपासून दडवून ठेवला होता. लक्ष्मीबाईंना ती वार्ता नंतर कळली आणि त्यानंतरची काही वर्षे त्यांनी पतीपासून दूर, आप्तांच्या आधाराने काढली. ज्या माणसाने समाजापुढे काहीही लपविले नाही, त्याने घरात सर्वांत मोठी गोष्ट लपविली. हे आपल्याला ज्ञात आहे ते टिळकांच्या विरोधकांमुळे नाही. लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतःही १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, पतीवर अपार प्रेम केले, त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले, आणि ‘स्मृतिचित्रे’त त्या ताटातुटीची हकीगत जशी घडली तशी लिहून ठेवली. पतीचा विक्षिप्तपणा, उधळेपणा, रागलोभ आणि स्वतःचा सोवळ्याओवळ्याचा हट्ट, काहीच त्यांनी झाकले नाही. हे पुस्तक १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. आद्य मराठी ख्रिस्ती समाजातून आलेल्या ग्रंथांपैकी सर्व जातिधर्मांच्या मराठी वाचकांनी सर्वाधिक आपलासा केलेला ग्रंथ तोच आहे.